ठकूबद्दल वाचकांचं मत

मंगरूळपीरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते, म्हणजे शिकवायचा प्रयत्न करते. अकरावीला कविता सुरू केली की अर्ध्या वर्गाच्या माना खाली जातात. त्या पुस्तकात नसतात, मांडीवरच्या मोबाईलात असतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा मी असाच एक मोबाईल जप्त केला आणि ही पोरं इतका जीव ओतून वाचतात तरी काय, ते स्टाफरूममध्ये बसून पाहिलं.

जपानी चित्रकथा होती. तिला मांगा म्हणतात, हेही मला त्याच दिवशी कळलं. मुलींचं एक हायस्कूल. शेवटचा तास संपतो, गेट आपोआप बंद होतं आणि भिंतीवरचा स्पीकर सांगतो की आता खेळ. रोज एक खेळ, स्पीकर जिचं नाव पुकारेल तिने उठून खेळायचं, हरली ती मेली. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. गोष्टीत काही दम नव्हता, आणि पोरं जी इंग्रजी-हिंदीची भेळ वाचत होती तिला भाषा म्हणणंही अवघड. पण माझं डोकं खरं फिरलं ते खालच्या प्रतिक्रियांनी. वर एक मुलगी मरते आहे आणि खाली वाचक लिहितायत, हिला आधीच उडवायला हवं होतं. हिचं मरण बोर झालं. पाचपैकी दोन स्टार.

"मरू द्या ना मॅडम, कागदावर मरून राह्यल्या त्या," रवी सर म्हणाले. ते भौतिकशास्त्र शिकवतात, आणि छत कोसळलं तरी आधी त्याचं वजन काढतील असा माणूस आहे.

"मरण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हे वाचक बघा. लाज नाही, लज्जा नाही आणि व्याकरणही नाही."

"मंग तुमीच लिवा मराठीत. वाचतीन तरी."

ते चेष्टेत म्हणाले आणि मी मनावर घेतलं. वाचायचंच आहे तर धड भाषेत वाचा म्हणावं. रवी सरांनी एक वेबपेज करून दिलं, मी भाषांतर करायला लागले. परवानगी वगैरे कुणाची घेतली ते विचारू नका. जपानी मुलींच्या तोंडी आपली वऱ्हाडी घातली आणि ती इतकी बसली की माझंच मला कौतुक वाटलं. प्रश्न आला नावांचा. जपानी नावं आमच्या पोरांच्या लक्षात राहीनात, म्हणून मी आपली नावं दिली. पहिल्या भागात जी मेली तिला निकिता केलं. दुसऱ्याच दिवशी आमच्या वर्गातल्या एका निकिताचे वडील शेतातून तसेच ऑफिसात आले. "मॅडम, माह्या पोरीनं तुमचं काय वाईट केलं? काहून मारलं तिले?" त्यांना चहा पाजून परत पाठवता पाठवता माझा तास बुडाला.

मग मी ठरवलं की आता कुणी ठेवत नाही अशीच नावं घ्यायची. निकिताची भुरी झाली. पुढच्या मुली मथुरा, गोमती, चिंधी, कौशी. एक मुलगी राहिली. खिडकीजवळ बसणारी, हडकुळी, अख्ख्या गोष्टीत तिच्या वाट्याला एकच वाक्य. तिला मी ठकू म्हटलं.

ते नाव माझ्या मुलीचं आहे. वैभवी हस्त नक्षत्रावर जन्मली, अक्षर आलं ठ. बारशाला आत्याने तिच्या कानात ठकू म्हटलं आणि मग मोठ्याने सगळ्यांदेखत वैभवी ठेवलं. जन्मनाव घराबाहेर सांगायचं नाही, वाईट करणारे नेमकं तेच नाव धरून करतात, असं माझ्या सासूबाईंचं, रुख्मिणीबाईंचं, म्हणणं. वैभवी आता आमच्याच कॉलेजात अकरावीला आहे आणि ते नाव तिने वेगळ्या कारणासाठी लपवलंय. म्हणजे नाव आहे, पण कुणाचंच नाही. तक्रार घेऊन कोण येणार? मला ही युक्ती फार हुशारीची वाटली होती.

सुरुवातीला प्रतिक्रिया आमच्याच पोरांच्या आल्या. "मॅडम मॉनिटरले कवा मारता?" "मॅडम या खेपी रडू नाही आलं." मी प्रत्येकाचं शुद्धलेखन सुधारून उत्तर देत होते आणि त्याचा कुणालाही उपयोग होत नव्हता. तिसऱ्या भागाच्या सुमारास नवे वाचक दिसायला लागले. एकीचं नाव भुरी, दुसरीचं मथुरा. मला हसू आलं. मेलेल्या मुलींची नावं घेऊन कार्टी लिहायला लागली होती. आमची पोरं मला मॅडम म्हणतात, या दोघी बाई म्हणत होत्या, कारण भाषांतरात मुली आपल्या शिक्षिकेला बाई म्हणतात, असं मी घातलं होतं. मला तर बरंच वाटलं, कुणीतरी लक्ष देऊन वाचतंय.

फक्त त्यांचं मत एकाच मुलीबद्दल असायचं.

"ठकूले अजून कायले ठेवलं, बाई? ते तं काहीच करत नाही."

"ठकू डबा उघडते अन् पह्यले वास घेते. मंग खाते. पाहून चीड येते."

गोष्टीत डब्याचा प्रसंगच नाही. मी जपानी पानं पुन्हा चाळली, ठकू खिडकीपाशी बसलेली आहे, बस्स. डबा उघडून आधी वास घ्यायची सवय वैभवीची आहे. लहानपणापासून त्यावरून ती माझी बोलणी खाते.

संध्याकाळी मी तिला फैलावर घेतलं. "तू ते नाव कुणाला सांगितलंस?"

"कोनतं?"

"ठकू."

"आई, हळू बोल ना!" तिने आधी खिडकी लावली. "मेली तरी सांगनार नाही मी. कोनी आयकलं तं कॉलेज सोडा लागंन मले."

ती खरं बोलत होती, तोंडावर दिसत होतं. तरी मी तिला दोन शब्द सुनावले, कारण कुणालातरी सुनावणं भाग होतं.

पुढच्या आठवड्यात एका मोकळ्या तासाला मी पान उघडलं. मथुराने लिहिलं होतं, "ठकूचा डावा पाय आता दुखन. तिले पळता येनार नाही. लवकर आटपा, बाई." मी वैतागून ते पुसून टाकलं. दुपारी वैभवी मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून स्टाफरूमच्या दारात आली. प्रयोगशाळेच्या पायरीवरून घसरली होती. डावा घोटा टम्म सुजला होता.

पाय सगळ्यांचेच मुरगळतात. मी स्वतःला हे सांगितलं, तिच्या पायाला बर्फ लावला आणि रवी सरांना म्हटलं, "हे कोण लिहितंय ते शोधा, नाहीतर प्रतिक्रियाच बंद करा."

"पोट्टेच असतीन, मॅडम. बंद करून टाकतो."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मी खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

"मॅडम, मी बंद केलं. लिव्हाची जागाच काढून टाकली. तुमी पाहा."

मी पाहिलं. लिहायची चौकट खरंच नव्हती. मतं मात्र नवी येत होती. आणि गोमतीपाठोपाठ आता चिंधीही आली होती.

"चिंधीचा भाग तुम्ही टाकलात का?"

"तुमी देल्लाच कुठी मले?"

खरं होतं. चिंधी मरते तो भाग माझ्या लॅपटॉपमध्येच होता. कुणी वाचला नव्हता. रवी सर बराच वेळ मोबाईल खालीवर करत राहिले. मग म्हणाले, "काही तरी टेक्निकल असन," आणि तास नसताना वर्गाकडे निघून गेले. संध्याकाळी त्यांनी अख्खं पेजच उडवलं. त्यांच्या मोबाईलवर ते उघडेना. माझ्या मोबाईलवर उघडलं.

चिंधीनंतर ठकूचा नंबर होता. ते मला पहिल्यापासून माहीत होतं. मी शेवटपर्यंत वाचूनच कामाला बसले होते. नाव देताना त्याचं काही वाटलं नव्हतं. आता मी भाषांतर थांबवलं. पोरं विचारायची, मॅडम पुढचा भाग कधी? मी म्हणायचे, आधी निबंध द्या.

पानावर मात्र कुरकुर वाढत चालली.

"बाई, ताटकळत काहून ठेवता?"

"आमाले तं पटापट संपवलं. तिचे कायले लाड?"

"तिची जागा धरून ठेवली हाये, बाई."

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला भीती वाटली, हे कबूल करते, पण त्याहून जास्त चीड आली. ही कोण मला सांगणार? भाषांतर माझं, भाषा माझी, नावं मी दिलेली. मी मूळ गोष्ट गुंडाळून ठेवली आणि स्वतःचा भाग लिहिला. स्पीकर ठकूचं नाव पुकारतो. ठकू उत्तर देत नाही. दुखऱ्या पायाने मैदान ओलांडते. गेट उघडतं. ती बाहेर पडते, एसटीत बसते आणि आजीच्या गावाला जाते. खाली लिहिलं, गोष्ट संपली. पेज उडवलेलं होतं, पण माझ्या मोबाईलवरून टाकता आलं. टाकलं आणि कितीतरी दिवसांनी मला नीट झोप लागली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळचं कॉलेज आटपून मी वैभवीला आसेगावला आजीकडे पाठवायचं ठरवलं. सासूबाई हळदीचा लेप छान लावतात, दोन दिवस पायाला आराम पडेल, असं मी तिला सांगितलं आणि स्वतःलाही. स्टँडवर ऊन चांगलंच तापलं होतं. दर्ग्याकडे जाणाऱ्या बाया सावली धरून बसल्या होत्या. वैभवी पिवळ्या ड्रेसमध्ये, पाठीला बॅग, तोंड फुगलेलं.

"आई, तू लय डोकं खाते. मी काय लहान हाओ का?"

"पोचलीस की फोन कर."

गाडी जवळजवळ रिकामी होती. तिला खिडकी मिळाली. तिने हात केला नाही, पण मान वळवून एकदा हसली. तेवढं मला पुरलं.

घरी येऊन मी पान उघडलं. शेवट बदलला म्हणून शिव्या असणार, या तयारीत होते. शिव्या नव्हत्या. सगळ्याच खुशीत होत्या.

"गेट उघडं हाये, बाई."

"बाई, तुमी गेट लावलंच नाही."

"एसटीत लय जागा हाये."

मी माझा भाग पुन्हा वाचला. गेट उघडतं, असं लिहिलं होतं. बंद होतं, असं कुठेच नव्हतं.

वैभवीचा फोन लागेना. आसेगावच्या रस्त्यावर रेंज जाते, नेहमीच जाते. मी लावत राहिले. मग सासूबाईंचाच फोन आला.

"आई, वैभवी पोचली का?"

"पोचल्या वो. पन आगुदर सांगाचं तं होतं. एवढ्या पोरी धाडल्या, मी एकटी मानूस, च्या तरी किती टाकू?"

"कोणत्या पोरी?"

"तुह्या कॉलेजातल्या ना. अंगणात बसल्या ओळीनं. पानी देल्लं तं कोनी घेतलं नाही. बोलत बी नाहीत."

"वैभवीकडे फोन द्या."

"तिलेच तं पाहून राह्यली मी." त्यांचा आवाज खाली आला. "सगळ्याईचा डिरेस एकच हाये. निया, अन् गळ्याले लाल रुमाल."

चित्रकथेतल्या मुलींचा गणवेश तसाच आहे, निळा, लाल रुमालाचा. वैभवीला मी पिवळ्या ड्रेसमध्ये गाडीत बसवलं होतं.

"यातली आपली कोनती, मले वळखू नाही येऊन राह्यलं. सगळ्या सारख्याच दिसतात."

"आई, हाक मारा तिला. आत्ता मारा."

"वैभवी!" त्यांनी हाक मारली. मला ती फोनमधून ऐकू आली. मागे कोंबड्यांचा आवाज होता. तो थांबला.

"कोनी वर बी पाह्यलं नाही," त्या म्हणाल्या. "थांब, तिचं ते नाव घेतो."

"नको! आई, ते नको!"

फोन त्यांनी कानापासून दूर नेला होता.

"ठकू!"

पलीकडून बाकं सरकल्याचा आवाज आला. बाई वर्गात आल्यावर सगळा वर्ग उठतो, तेव्हा येतो तसा.

"सगळ्याच उठल्या वो," सासूबाई म्हणाल्या.

आमच्या आसेगावच्या अंगणात एकही बाक नाही.