होडीची खालची बाजू

"वहिनी... इकडं ये. अशी लांब का उभी? आधी इकडं ये!"

धाकट्या दिराच्या, जस्टिनच्या आवाजात काहीतरी असं होतं, की लिडियानं चहाची किटली खाली ठेवली. चिंचेच्या सावलीत चार ओंडक्यांवर होडी चढवून ठेवली होती आणि तिच्यापासून दहा पावलांवर लिडिया थांबली होती. गेली चोवीस वर्षं ती तिथंच थांबत आली होती... नवऱ्याची भाकरी आणायची, काठावरच्या दगडावर ठेवायची आणि हाक मारायची. इतक्या वर्षांत होडीला तिनं बोटसुद्धा लावलं नव्हतं!

तसं तिच्या संसारात काही उणं नव्हतं. मुळा धरणाच्या फुगवट्याकाठी दोन खोल्यांचं घर, दारात शेवग्याचं झाड, आणि कृपादानसारखा कष्टाळू, तोंडानं फटकळ पण मनानं मायाळू नवरा. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ती गायला लागली की तो मागच्या बाकावरून तिच्याकडंच बघत बसायचा. फक्त एक सल होता. पलीकडच्या तीरावर तिचं माहेर होतं. कपडे धुताना मान वर केली की थोरल्या बहिणीच्या, भागूबाईच्या घराचा पत्रा उन्हात चमकताना दिसायचा. होडीनं अर्ध्या तासाची वाट. सडकेनं मात्र धरणाला वळसा, दोन गाड्या बदलायच्या आणि अर्धा दिवस मोडायचा. गुडघे साथ देत होते तोवर तिनं तेही केलं. आता दोन वर्षं झाली होती बहिणीचं तोंड पाहून!

परवाच भागूबाईचा फोन आला होता. "या रविवारी आमच्या देवळात हंगामाचा सण हाय, पयलं पीक देवाला वाहायचं, लिडे. औंदा तरी ये गं... पुढलं साल मला दिसंल का न्हाई, देव जाणे."

"बघू," एवढंच लिडिया म्हणाली होती. दुसरं काय म्हणणार?

चोवीस वर्षांपूर्वीचा तो दिवस तिला लख्ख आठवत होता. होडीच्या आत कृपादाननं नवा प्लायचा तळ बसवला होता. कापणं-ठोकणं त्याचं, आणि पाणी मुरू नये म्हणून फळीला खालून-वरून डांबर लावणं तिचं. महिन्याभरात होडी चांगली पळू लागली. आणि मग पावसाळा सरता सरता, भर पाण्यात, कृपादानचा पाय त्या तळातून आरपार गेला! खालच्या लाकडी पट्टीत अडकून नळीचं हाड मोडलं. तीन महिने तो खाटेवर पडून होता, आणि पाय कायमचा आखूड झाला.

वेदनेनं आणि संतापानं तो ओरडला होता, "खालची बाजू तू रंगवलीच न्हाईस! वरवर हात मारलास! आजपासून माझ्या होडीत पाय ठेवायचा न्हाई!"

लिडियानं मान खाली घातली होती. एक शब्दही बोलली नव्हती ती...

"वहिनी, हे बघ." जस्टिननं उचकटलेली फळी उलटी करून तिच्यासमोर धरली. फळीच्या मधल्या भगदाडातून गंजका पत्रा दिसत होता. पाय बरा झाल्यावर कृपादाननं रागारागानं, खाली डोकावूनही न बघता, त्या भगदाडावर तो ठोकला होता. त्यावरच इतकी वर्षं निभावलं. आता तळ पावलागणिक दबायला लागला, म्हणून हा धाकटा दीर नागापूरच्या फायबरच्या कारखान्यातून रजा काढून, पाण्यात न कुजणारा मरीन प्लाय आणि लाकडावर घट्ट थर धरणाऱ्या रेझिनचे डबे टेम्पोत घालून आला होता.

फळीच्या खालच्या बाजूला काळंभोर डांबर होतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ब्रशचे फराटेसुद्धा अजून दिसत होते! फक्त भगदाडाच्या कडेला एका ओळीत चार भोकं होती आणि तिथूनच लाकूड कुजत, पापुद्रे सुटत गेलं होतं.

"ही भोकं माझी हायत, वहिनी," भोकांवर बोट ठेवत जस्टिन म्हणाला. "खाली बसून तुझं लुगडं भिजायचं, म्हनून तुझ्यासाठी बाकडं बसवत हुतो मी. पयली भोकं चुकीच्या जागी पडली. मग बाकडं वीतभर पुढं सरकवलं, अन् ही चार तशीच राहिली..."

"बुजवली हुतीस की," ती हळूच म्हणाली.

"कशानं बुजवली? तुझ्याकडनं कपड्याचा साबन मागून नेला हुता! पेट्रोलची टाकी गळली की साबन दाबत्यात, तसा दाबला अन् वरनं डांबर फासलं! लाकडात साबन टिकतोय व्हय? विरघळून गेला..." त्यानं फळी ओंडक्याला टेकवली. "तुला ठावं हुतं! दादाचा पाय गेला त्याच दिवशी तुला ठावं हुतं!"

"जस्टिन, हळू... ते ऐकतील."

"ऐकलंय मी." चिंचेखालच्या खाटेवरून कृपादान काठी टेकत उठला होता.

ज्या क्षणाला लिडिया इतकी वर्षं भीत आली होती, तो असा समोर येऊन उभा ठाकला! आईबापांमागं या दोन भावांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. अपघाताच्याच आठवड्यात जस्टिन नागापूरला पहिल्या नोकरीवर रुजू झाला होता. त्या वेळी खरं सांगितलं असतं, तर पाय मोडलेल्या माणसाचा राग त्या पोरसवद्या जिवावर कोसळला असता, आणि तो पुन्हा या घराची पायरी चढला नसता. आपल्यावरचा राग काय, भाकरी वाढता वाढता निवतो! असं म्हणून तिनं तो आरोप पदरात घेतला होता... आणि तीही कमी हट्टी नव्हती. तो 'चल' म्हणाला नाही, ती 'न्या' म्हणाली नाही.

कृपादाननं फळी हातात घेतली. डांबरावरून त्याची खरबरीत बोटं फिरत राहिली, कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली.

"दादा, मार मला," जस्टिन म्हणाला. "पन बोल कायतरी."

"तुला काय मारू? तुझं टक्कल पडलंय आता." कृपादान लिडियाकडं वळला. "लिडे... चोवीस वर्सं! अगं, एका शब्दानं तरी बोलायचंस!"

"तुमी कधी विचारलंत?" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "तुमी सांगितलं, मी ऐकलं. विचारलं असतंत तर... तरी नसतं सांगितलं कदाचित!"

मग कृपादाननं कोरड्या सुरात, तिच्याकडं न बघता, जस्टिनला सांगितलं, "नव्या फळीची खालची बाजू हिनंच रंगवायची. दुसऱ्या कुनाच्या हातची मला चालायची न्हाई."

एवढंच! पण लिडियाला ते पुरलं. ती दहा पावलं चालली आणि तिनं होडीच्या काठावर हात ठेवला.

पुढचे चार दिवस घरात सणासारखे गेले. आधी होडी नुसती उन्हात वाळू दिली. "ओल कोंडली तर वरनं किती बी लावा, आतून कुजनारच," जस्टिन म्हणायचा. मग लिडियानं फळीच्या दोन्ही बाजूंना, कापलेल्या कडांनासुद्धा, रेझिनचे हात दिले. जस्टिन प्रत्येक भोक आधी मोठं पाडी, रेझिननं भरी, वाळलं की त्याच्या मधोमध बारीक भोक घेऊन स्क्रू पिळी.

"साबन आनू का रे?" ती मध्येच विचारी, आणि तिघंही हसत सुटत.

वरून फायबरची जाळी अंथरून शेवटचा हात दिला, तेव्हा तळ काचेसारखा चकाकू लागला.

रविवारी सकाळी लिडिया ठेवणीतलं लुगडं नेसून, शेवग्याच्या पहिल्या शेंगांची जुडी घेऊन काठावर आली. होडीत तिचा स्वयंपाकघरातला पाट ठेवलेला! तेच ते बाकडं... कृपादाननं पूर्वी उपटून फेकलेलं, तिनं पाय कापून इतकी वर्षं चुलीपुढं वापरलेलं.

"नुसतं ठेवलंय हां, वहिनी," जस्टिन घाईनं म्हणाला. "एक बी भोक न्हाई पाडलं!"

कृपादान आधीच होडीत चढला होता. त्यानं काठी बाजूला ठेवली आणि हात पुढं केला.

"चल," तो म्हणाला.

ती पाटावर बसली, मग काय वाटलं कोण जाणे, पाट सरकवून खाली तळावरच बसली, अगदी माहेरवाशिणीसारखी ऐसपैस. वल्ही पाणी कापू लागली. पलीकडच्या तीरावर, चमकणाऱ्या पत्र्यापुढं, एक वाकलेली आकृती हात हलवत होती.

मध्यावर आल्यावर कृपादाननं वळून विचारलं, "लिडे, कोरडं हाय ना गं?"

तिनं तळावर तळवा फिरवला.

"डोळं सोडून समदं कोरडं हाय," ती म्हणाली.