ग्लासातला चमचा

तिसरा ग्लास टेबलावर आला, आणि दोघंही गप्प झाली.

तशी ती दोघं आधीही फारसं बोलत नव्हती. पण आधीची शांतता थकव्याची होती. ही वेगळी होती... जणू टेबलावरच्या कुणीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, आणि उरलेले त्याच्या शब्दाची वाट पाहत होते.

टेबलावर माणसं दोनच होती.

हे घडलेलं आहे. तुम्ही विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. विश्वास बसला नसता तर मलाच बरं वाटलं असतं. हिल्का आणि मी म्युन्स्टरला एकाच घरात राहतो. स्वयंपाकघर एक, चहाची किटली एक. हे सगळं तिनं मला एकदाच सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या घरातले छोटे चमचे एका खणात बंद आहेत. ते कुणी बंद केले, हे आम्ही दोघी एकमेकींना विचारत नाही.

गेल्या नोव्हेंबरातली संध्याकाळ. कोलोन. कॅथेड्रलच्या मागच्या गल्लीतलं एक जुनं बियरगृह.

हिल्का उत्तरेकडच्या लेअर गावची. तिच्यासमोर बसलेला सेवेरिन कोलोनचाच, इथल्याच गल्ल्यांत वाढलेला. या दोघांना जोडणारा माणूस वर्षभरापूर्वी याच शहरात, सकाळी, नदीच्या काठाला लागलेला सापडला होता.

ओनो. हिल्काचा धाकटा भाऊ. सेवेरिनचा जिवलग मित्र.

ओनो आणि सेवेरिन विद्यार्थ्यांच्या रीतीनं फिरायला निघाले होते. रडतखडत जाणाऱ्या गाड्या, दहा जणांच्या खोलीतली वरची खाट, पाठीवरच्या पिशवीत पाव आणि नळाचं पाणी. ब्रसेल्समध्ये चौकातल्या पायऱ्यांवर बसून कागदी पुडक्यातले बटाट्याचे तळलेले काप. गेंटमध्ये मनोऱ्यावर चढायला तिकीट होतं म्हणून मनोरा खालूनच पाहिला. प्रत्येक ताटलीचा फोटो ओनो बहिणीला पाठवायचा. शेवटचा फोटो या बियरगृहातला होता.

त्यानंतर काही आलं नाही.

सेवेरिननं सगळ्यांना सांगितलं, की ओनो त्या दिवशी थांबेचना. ग्लासामागून ग्लास. "मी समजावलं, तो हट्टाला पेटला. शेवटी मी माझ्या घरी गेलो. त्याचं वसतिगृह पूल ओलांडला की लगेच होतं."

दोन ग्लासांपुढे आयुष्यात न गेलेला ओनो.

लेअरमध्ये लोक म्हणू लागले, पोरगा पिऊन बुडाला. आई मान खाली घालून ऐकायची. मुलाचं नाव काढलं की तिला आधी लाज वाटायची आणि मग रडू यायचं. हिल्काला राग होता तो त्या क्रमाचा. म्हणून वर्षानं तिनं सेवेरिनला फोन केला. "मला तीच सहल करायची आहे, तुझ्याबरोबर." नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. तो आला.

आणि ब्रसेल्सपासून एक आवाज त्यांच्यासोबत आला.

किण्ण...

बारीक, धातूचा. काचेला किंवा चिनी मातीला काहीतरी हलकेच लागल्यासारखा. चौकातल्या पायऱ्यांवर तिनं तो ऐकला, मागे वळली. कुणी नव्हतं. गेंटच्या वसतिगृहात, न्याहारीला, खोली रिकामी असताना पुन्हा. आवाज ओळखीचा होता. इतका ओळखीचा, की कुठला ते आठवेना.

"चुकून आणला असेल," सेवेरिन तिसऱ्या ग्लासाकडे बघत म्हणाला. "हे वाढपी असेच. तू अर्धा कोंबडा खा ना. ओनोनं मागवला होता, तोच."

अर्धा कोंबडा म्हणजे राईचा पाव, चीजचा जाड तुकडा आणि मोहरी. कोंबडीचं पीसही त्यात नसतं. परक्यांची मजा पाहायला इथले लोक तो मुद्दाम मागवायला सांगतात.

"ओनोला कोंबडी येईल असंच वाटलं होतं ना?"

"चेहरा बघायला हवा होतास त्याचा," सेवेरिन हसला.

"हो ना. मी बघायला नव्हते. तू होतास."

त्याचं हसू विझलं. हिल्कानं तिसरा ग्लास टेबलाच्या कडेला, रिकाम्या खुर्चीसमोर सरकवला. पावाचा घास घेतला. मान वर केली.

ग्लास रिकामा होता.

आतल्या काचेवरून फेस सावकाश खाली उतरत होता.

निळा एप्रन बांधलेला वाढपी गोल तबक घेऊन आला. साठीचा, रुंद खांद्यांचा, आवाजात वाळू. न विचारता त्यानं रिकामा ग्लास उचलला, भरलेला ठेवला, ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलनं रेघ ओढली.

"आम्ही दोघंच आहोत," हिल्का म्हणाली.

"असाल."

"मग हा कुणाला?"

"पोरी, ग्लास रिकामा दिसला की मी भरतो. कोण पितं, कशाला पितं, हे पाद्रीबाबांनी विचारावं."

"मला पाणी आणा."

"आणतो की. आंघोळीला साबण आणि टॉवेलही आणू?"

शेजारच्या टेबलावरची माणसं खदखदून हसली. हिल्काचे कान तापले. याच हसण्यात ओनो बसला होता, तिला वाटलं. लांबडा, लाजाळू, नको म्हणायला संकोचणारा ओनो.

वाढपी गेला. सेवेरिननं हात लांब करून तिसऱ्या ग्लासाखालची चकती काढली, आणि ग्लासाच्या तोंडावर झाकणासारखी ठेवली. झटकन. सवयीनं.

"हे काय केलंस?"

"काही नाही. आता तो आणणार नाही."

"का?"

"चकती वर ठेवली म्हणजे बास. नाहीतर आणतच राहतात. इथली रीत आहे."

"ओनोला माहीत होती?"

सेवेरिननं पावाचा तुकडा मोडला. खाल्ला नाही.

"सांगितलं असेन मी."

"सांगितलंस, की सांगितलं असशील?"

"हिल्का, वर्ष झालं गं. तू मला तीन शहरं फिरवलीस. मी तळलेले बटाटे खाल्ले, तुझा अबोला खाल्ला. आणखी काय हवंय तुला?"

"तो थांबायचं का म्हणाला नाही, ते हवंय."

किण्ण...

या वेळी अगदी जवळ.

हिल्कानं पाहिलं. चकती टेबलावर पडली होती, कोरडी, उलटी. ग्लास पुन्हा रिकामा. आणि ग्लासात...

चमचा उभा होता.

चहाचा छोटा चमचा. त्यांच्या टेबलावर चमचा आलाच नव्हता. पावाला, चीजला, मोहरीला सुरी होती. आजूबाजूच्या एकाही टेबलावर चमचा नव्हता.

तिनं बोट लावलं, आणि हात मागे घेतला.

चमचा गरम होता. नुकताच चहातून काढल्यासारखा. त्याच्या खोलगट भागात खडीसाखरेचा अर्धवट विरघळलेला खडा चिकटला होता.

तेव्हा तिला आवाज आठवला. तो लेअरच्या घरातला आवाज होता.

वाढपी तबक घेऊन वळला, चमचा पाहिला, आणि जागीच थबकला.

"परत चमचा?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "कुणी दिला हा?"

"परत म्हणजे?"

"गेल्या वर्षी होता एक. तुझ्यासारखाच, उत्तरेकडच्या बोलण्याचा. काका, एक चमचा द्याल का म्हणाला. मला वाटलं, डोकं फिरलं पोराचं. दिला. त्यानं बियरच्या ग्लासात ठेवला आणि माझ्याकडे बघत बसला, जणू आता मी काहीतरी करणार. मी काय करणार? चमचा बाजूला काढला, ग्लास भरला. त्यानं परत ठेवला. मी परत भरला. पंगतभर हसले लोक." त्यानं सेवेरिनकडे नीट निरखून पाहिलं. "तू होतास की रे त्याच्याबरोबर. सगळ्यांत जास्त तूच हसत होतास. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत."

वाढप्यानं चमच्याला हात लावला नाही. दोघांपुढे भरलेले ग्लास ठेवले आणि तो घाईनं निघून गेला.

हिल्का चमच्याकडे बघत राहिली. तिच्या आत एक खोली उजळत होती, आणि त्या उजेडाची तिला भीती वाटत होती.

लेअरचं घर. सुट्टीत पहिल्यांदाच आलेला सेवेरिन. आई निळ्या फुलांच्या कपात खडीसाखर ठेवते, वरून चहा ओतते, खडा तडकतो, कडेनं सायीचा ढग सोडते. सेवेरिन पितो. आई पुन्हा ओतते. तो पितो. पुन्हा. पाहुण्यानं नाही कसं म्हणायचं, म्हणून तो पीत राहतो; लाल होतो, घामेजतो. हिल्का आणि ओनो टेबलाखाली एकमेकांना लाथा मारत हसू दाबतात. शेवटी ओनोलाच दया येते. तो हात लांब करून सेवेरिनच्या कपात चमचा ठेवतो. किण्ण.

"असं थांबवायचं असतं, बावळटा. चमचा कपात ठेवला की बास. मग आमच्याकडे कुणी ओतत नाही."

सगळे हसले होते. सेवेरिनही. पण सगळ्यांत शेवटी.

"तू त्याची परतफेड केलीस," हिल्का म्हणाली. ओरडायचं तिनं ब्रसेल्सपासून ठरवून ठेवलं होतं. आवाज ओरडला नाही. ओरडण्याच्या पलीकडे जाऊन थंड झाला. "चकतीचं त्याला सांगितलंच नाहीस."

"गंमत होती गं... एक-दोन ग्लास. मग मी सांगणारच होतो."

"त्याला भूक होती. दिवसभर नळाच्या पाण्यावर शहर पाहिलं होतं त्यानं. नको म्हणायला लाजला तो, आणि लाजत पीत राहिला. मग त्याला आपली घरची रीत आठवली. त्यानं चमचा मागितला."

"हिल्का, हळू बोल."

"तू माझ्या आईच्या समोर बसून म्हणालास, तो हट्टाला पेटला. ती वर्षभर मान खाली घालून जगतेय. तिनं किटली माळ्यावर टाकलीय. आणि तो इथं, या खुर्चीवर, बास म्हणत होता. पुन्हा पुन्हा बास म्हणत होता, सेवेरिन! वाढप्याला कळलं नाही, त्याचा दोष नाही. ही हसणारी माणसं, त्यांचाही नाही. या अख्ख्या दालनात एकाच माणसाला चमच्याचा अर्थ कळत होता."

सेवेरिन उठला. गळपट्टा त्याला पटकन सापडेना. तो रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर होता... तिथं त्यानं तो ठेवला नव्हता.

खुर्चीला स्पर्श होऊ न देता त्यानं तो ओढून घेतला.

"माझ्याबरोबर लेअरला चल," हिल्का म्हणाली. "आईला हे तुझ्या तोंडानं सांग. एवढंच. सांगशील?"

शेजारचं टेबल गप्प झालं होतं. पलीकडचंही. कुणी हसत नव्हतं.

"सेवेरिन. सांगशील का?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो टेबलांच्या रांगांमधून दाराकडे चालू लागला. दारापलीकडे धुकं होतं, आणि धुक्यापलीकडे नदी.

किण्ण...

आवाज आता टेबलापाशी नव्हता. तिसऱ्या ग्लासात चमचाही नव्हता.

किण्ण...

तो त्याच्या मागोमाग, पावलापावलानं, दाराकडे जात होता.

वाढप्यानं सेवेरिनच्या जागी आणखी एक भरलेला ग्लास आणून ठेवला. जाताना सेवेरिनला आपल्या ग्लासावर चकती ठेवायची आठवण राहिली नव्हती.

हिल्कानं पुन्हा हाक मारली. तो थांबला नाही, वळला नाही. दार ढकलून तो बाहेर धुक्यात गेला, आणि आवाजही त्याच्या मागून नदीकडे गेला.