वळकट्या उचला!

"काहीच काम न करणारं यंत्र वीज खातं का, सांग बरं?" कुंदाआत्याने विचारलं खरं, पण तिचं सगळं लक्ष बॅटरीच्या आकड्यावर होतं.

वादळात विजेचा मनोरा आडवा झाला होता. दुरुस्तीला पाच तास लागणार होते आणि आत्याच्या डेटा सेंटरची बॅटरी पुरणार होती दोनच तास. माझा सहा दिवसांचा भाऊ रुग्णालयात काचेच्या पेटीत होता. सातव्या महिन्यातच आला, भारी घाई त्याला! त्याच्या श्वासावर नजर ठेवणारा प्रोग्राम इथल्याच एका सर्व्हरवर (इतरांची कामं करणाऱ्या मोठ्या संगणकावर) चालत होता.

"असे चाळीस सर्व्हर आहेत," आत्या म्हणाली. "प्रत्येकात दोन-तीन आभासी यंत्रं (एका संगणकात प्रोग्रामने उभे केलेले स्वतंत्र संगणक). काम दहावा हिस्साही नाही. पण नुसता जागा असलेला सर्व्हरसुद्धा निम्मी वीज खातो."

"मग चाळीसही चालू कशाला?"

आत्या ओशाळली. "वेळेला कमी पडायला नको म्हणून गं."

स्वयंपाकातही तिचं हेच. चार पाहुण्यांसाठी वीस जणांचा भात टाकते, आणि मग आम्ही दोन दिवस फोडणीचा भात खातो.

मला आमचं वसतिगृह आठवलं. दिवाळीच्या सुट्टीत दहा खोल्यांत मिळून बारा मुली उरायच्या. रेक्टर शेवंताबाई ओरडायच्या, "वळकट्या उचला! सगळ्या दोन खोल्यांत झोपा, बाकीचे दिवे-पंखे बंद!" मला अस्सा राग यायचा.

"आत्या, वळकट्या उचल!" मी ओरडले आणि तिला सगळं सांगितलं. "पण बाळाचा प्रोग्राम थांबला तर?"

"चालू असतानाच हलवता येतो. आधी त्याच्या स्मृतीची नक्कल नव्या सर्व्हरवर करायची. तेवढ्यात जे बदललं, त्याची पुन्हा नक्कल. शेवटी चिमूटभर उरतं, ते नेताना पापणी लवेल तेवढाच वेळ जातो. माझीच हिंमत होत नव्हती."

तिने सगळी आभासी यंत्रं एकेक करून हलवली आणि सहाच सर्व्हर जागे ठेवले. चार कामाला, दोन अचानक गर्दी झाली तर. बाकीच्यांचे पंखे एकेक करून थांबले. बॅटरीचा आकडा दोन तासांवरून आठ तासांवर गेला. मी आत्याला घट्ट मिठी मारली.

पाच तासांनी वीज आली, तरी आत्याने ते चौतीस उठवले नाहीत. "आता गर्दीप्रमाणे प्रोग्रामच त्यांना उठवेल आणि झोपवेल. वाचलेल्या विजेवर रुग्णालयाच्या आणखी दोन पेट्या चालतील."

मी शेवंताबाईंना फोन लावला. "बाई, थँक्यू. तुमच्यामुळे झालं." मी सगळं सांगितलं. त्यांना निम्मंच कळलं असावं.

"ते असू दे," त्या म्हणाल्या. "कोणाची वळकटी मागे राहिली नाही ना गं?"

आत्याच्या पडद्यावर भावाच्या श्वासाची रेघ संथपणे वरखाली होत होती.

"नाही बाई. सगळ्यांच्या आल्या."