चिंधीने तोंड का फिरवलं

"दादा, चिंधीला कुणीतरी विष घातलंय. लगेच ये."

बहिणीचा फोन आला तेव्हा जमादार दाढी करत होते. एक गाल तसाच ठेवून ते निघाले. सारी नोकरी पोलिसांच्या कुत्र्यांमागे गेली, आणि निवृत्तीनंतर फिर्याद आली ती मांजराची.

दाजींचं, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचं, शिंपीकाम घराच्या पुढच्या खोलीत चाले. चिंधी मशीनखाली मुटकुळं करून पडली होती. कालपासून तिने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. गुन्हेगार दाजींनी केव्हाच ठरवून टाकला होता: शेजारची बेकरीवाली. मांजर पावाच्या ट्रेमध्ये तोंड घालते म्हणून 'हिचा एकदा बंदोबस्त करते' असं ती परवाच म्हणाली होती. सकाळी दाजींनी भर रस्त्यात तिच्यावर विषाचा आळ घेतला. पावासाठी उभी असलेली माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन परत फिरली.

जमादार तडक बेकरीत गेले. जुन्या सवयीने आवाज चढलाच.

"मांजराला काय घातलंत?"

"काल ती इकडे फिरकलीच नाही."

"कशावरून?"

"तुमचे दाजी मशीनवर बसूनच मासळी खात होते, खिडकीतून दिसतं मला. ती सोडून माझे कोरडे पाव हुंगायला येईल होय?" तिने मागच्या भरलेल्या ट्रेकडे पाहिलं. "सकाळपासून एक पाव खपला नाही, साहेब. आता माझ्या हातचं कोण खाणार?"

जमादार परतले. बहिणीने बशीत दूध ओतलं. चिंधी धावत आली, बशीवर वाकली, जीभ काढली आणि झटकन मागे सरली. पंजाने तोंड घासू लागली. हनुवटीवरून लाळ गळत होती.

"भूक मेलेलं जनावर बशीकडे धावत नाही," जमादार पुटपुटले.

दाजी तावातावाने शेजारणीचे गुन्हे सांगत होते, हात मात्र चालूच. शिवण संपली. त्यांनी निळा दोरा दातांनी तोडला आणि तुकडा खाली थुंकला. जमादारांनी तो उचलून नाकाशी नेला.

"कालही निळंच शिवत होतात?"

"हो, हेच गणवेश."

"आणि जेवलात मशीनवरच?"

"काम तुंबलंय. हात पुसला की झालं."

जमादारांनी टॉवेल मागवला. चिंधीला गुंडाळून जबडा उघडला, बॅटरी मारली. जिभेच्या मुळाशी निळा दोरा वेढा घालून रुतला होता. पुढचं टोक घशात उतरलं होतं. दाजींनी घाईने चिमूट पुढे केली, तसं जमादारांनी त्यांचं मनगट धरलं.

"ओढू नका, आतडं चिरेल. डॉक्टरकडे चला."

जनावरांच्या डॉक्टरांनी चिंधीचं पोट उघडून दोरा काढला. उशीर केला असता तर हाती लागली नसती, म्हणाले.

दवाखान्याच्या बाकावर जमादारांनी उलगडा केला. "विष नव्हतंच, दाजी. तिला भूक होती, पण जीभ हलवली की दोरा कापायचा. मासळीच्या तोंडाने तुम्ही दोरे तोडलेत, थुंकलेत. वासाने तिने चाटले. मधला भाग जिभेला अडकला, टोक पोटात गेलं. गुन्हेगार मशीनवर बसला होता आणि मी दरडावलं शेजारणीला."

दाजींची मान खालीच. तसेच म्हणाले, "तिला आता काय तोंड दाखवू?"

"ज्या तोंडाने ओरडलात तेच. आणि रस्त्यातच. मीही येतो. मलाही दाखवायचंय."

बेकरीसमोर दाजींनी सगळं सांगितलं, अडखळत. येणारेजाणारे थांबून ऐकत होते. जमादारांनी माफी मागितली, तेव्हा अर्धवट दाढीचा गाल त्यांना उगाच झाकावासा वाटला.

"वाचली ना?" बेकरीवालीने विचारलं.

"वाचली."

"शिंपी ना तुम्ही? दुकानात कात्री नव्हती?"

तिच्या मागे ट्रे सकाळसारखेच भरलेले होते.