सव्वीस वेळा तेच गाणं

“हात लावू नकोस त्याला! जुन्या नोंदी उघडू नकोस...” ताई दारातूनच ओरडली, आणि स्वतःच्याच आवाजाला दचकली. आईला जाऊन अजून महिनाही झाला नव्हता.

“उघडणारच!” धाकटा भाऊ कीबोर्डवरून मानही वर न करता म्हणाला. “चार वर्षांपूर्वी बाबांची गाणी घालवलीस. उरलेली तरी नीट राहू देत. हे मशीन मी घेऊन जाणार.”

जिन्याखालच्या त्या अरुंद खोलीत जुन्या कॉम्प्युटरचा केलेला घरचा सर्व्हर घरघरत होता. बाबा गाण्याचे मास्तर. त्यांच्या टेपा नि तबकड्यांवरची चौदा हजार गाणी ताईने ऑफिसातून आल्यावर एकेक वाजवून त्यात उतरवली होती. परगावच्या धाकट्यालाही घरची गाणी फोनवर ऐकता यावीत म्हणून पाच वर्षं खपली, आणि त्या पाच वर्षांत लग्नाचा विषय असा मागे पडला की पुढे कुणी काढलाच नाही!

त्यात एकच गाणं सव्वीस वेळा होतं. लग्नाच्या वाढदिवशी दरवर्षी बाबा ते आईसाठी म्हणत आणि टेप करत. शेवटच्या वर्षी मध्येच दम लागून ते थांबले होते, हसले होते, आणि म्हणाले होते, “जमत नाही गं आता...” दृष्टी गेलेली आई रोज संध्याकाळी त्या शेवटच्या वर्षीचं तेवढंच ऐकायची. एके दिवशी ते लागलंच नाही. मूळ टेपा बुरशीने केव्हाच गेल्या होत्या.

“माझ्या हातून पुसलं गेलं,” ताई म्हणाली होती. त्यानंतर आई चार वर्षं तिच्या हातचं जेवली, तिच्या हाताला धरून चालली, पण तिच्याशी एक शब्द बोलली नाही! चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्यासिणीने ब्र काढला नाही.

धाकट्याचं बोट पडद्यावर थांबलं. चार वर्षांपूर्वीची तारीख. ‘दुबार गाणी: पंचवीस काढली.’ पुढे नाव... त्याचं स्वतःचं!

त्याला आठवलं. जागा होत नव्हती म्हणून त्याने तिकडून साफसफाई केली होती. एकच नाव, एकच गायक; सगळ्यात स्वच्छ ती एक ठेवली, बाकीच्या, दम लागलेली शेवटचीसुद्धा, नुसत्या प्रती समजून उडवल्या. जपणुकीची दुसरी डिस्कही त्यानेच लावून दिली होती, रोज पहाटे पहिलीची हुबेहूब नक्कल करणारी. पहिलीतून गेलं ते तिच्यातूनही गेलं.

“ताई... तुला माहीत होतं?”

“त्याच दिवशी कळलं.”

“मग बोलली का नाहीस गं? मी तुला काय काय बोललो!”

“रविवारी तुझा फोन यायचा तेव्हा ती सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसायची, बाळा. बाबांचा तो शेवटचा आवाज गेला होता. तुझाही नकोसा झाला असता, तर तिने कशावर दिवस काढले असते?”

तो उठला आणि लहान मुलासारखा तिच्या कुशीत शिरला. “आईला कळलं असतं ना, तर तिने तुला माफ केलं असतं गं...”

ताईचा त्याच्या पाठीवरून फिरणारा हात थांबला.

“माफ कशाबद्दल रे?” ती म्हणाली. “मी तर काहीच केलं नव्हतं...”

आणि चार वर्षांत पहिल्यांदाच ती मोठ्याने रडली.