मागच्या दाराचा दिवा

धर्मसिंग राठोड ज्या मोटारीवर ड्रायव्हर होता, ती म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाडच होतं. डिझेलवर चालणारी, परदेशी बनावटीची, नाकाडानं बसकी. मागच्या भागात झोपायच्या दोन फळ्या, स्टोव्ह ठेवायचा ओटा, औषधांचं कपाट. कुठल्याशा परदेशी मंडळानं ती हिंगोलीच्या एका सेवा-संस्थेच्या दवाखान्याला दिली होती आणि दवाखान्यानं तिला खेड्यापाड्यांत फिरायला लावलं होतं. दौऱ्यावर गेलं की दवाखान्याच्या नर्स पंचफुला सिस्टर मागच्या फळीवर झोपायच्या, धर्मसिंग बाहेर एखाद्या झाडाखाली सतरंजी टाकायचा.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. कळमनुरीपासून आखाडा बाळापूरच्या पुढंपर्यंत त्यांचा दौरा असे. धर्मसिंगला मोटारीचा आवाज ओळखीचा झाला होता. स्टेअरिंगमागं तीन छोटे दिवे होते. एक तेलाचा, एक बॅटरीचा आणि तिसरा लाल, मागच्या दाराचा. दार नीट लागलं नसलं की तो पेटायचा.

श्रावणात तो दिवा मध्येच पेटायला लागला.

गाडी गावाबाहेर पडून वेग घेते न घेते तोच लागायचा, आणि एखाद्यानं आत चढून दार ओढून घ्यावं इतक्याच वेळात विझायचा. पहिल्यांदा धर्मसिंगनं गाडी थांबवली, मागं जाऊन पाहिलं. दार घट्ट लागलेलं. कडी बसलेली. आत औषधांचा वास आणि सिस्टरची घडी घातलेली चादर.

"खड्ड्यांनी बटन ढिलं झालं असंल," सिस्टर म्हणाल्या.

त्यालाही तसंच वाटलं. हिंगोलीत मिस्त्रीकडून त्यानं दाराचं बटण बदलून घेतलं. तरी पुढच्या दौऱ्यात दिवा लागला. मग धर्मसिंगनं मागच्या दाराकडून येणारी वायरच उपटून काढली आणि गुंडाळी करून खिशात घातली.

त्या दिवशी धानोरवाडीहून निघताना दिवा पेटला. वायर खिशात असताना.

 त्या दिवसापासून दिवा कुठं पेटतो यावर त्याचं ध्यान राहू लागलं. तेव्हा त्याला कळलं की तो दोनदा पेटतो. एकदा एका गावाहून निघताना. आणि एकदा पुढच्या कुठल्यातरी गावाशी गाडी हळू झाली की. चढताना आणि उतरताना, असं त्याच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याचा त्याला राग आला.

धानोरवाडीत जुलाब-उलट्यांची साथ होती. दिवा पुढं खापरखेडीच्या वेशीत पेटून विझला होता. दुसऱ्या खेपेला ते खापरखेडीला गेले, तेव्हा तिथं घरोघर माणसं पडली होती आणि धानोरवाडी मात्र बरी होऊन कामाला लागली होती.

सिस्टर दिवसभर सुया टोचत होत्या, विहिरीत पावडर टाकायला लावत होत्या. धर्मसिंग पाणी उकळत होता. दुपारी म्हातारा कोंडीबा मोटारीच्या सावलीला येऊन बसला. सकाळीच त्यानं सुनेला मसणात पोचवलं होतं. बराच वेळ तो मागच्या दाराकडं बघत राहिला.

"आमच्या बापाच्या वक्ताला गाडा काढायचे," तो म्हणाला. "मरीआईचा. लाकडाचा, एवढासा. पटकी आली की तिला त्यात बसवायचं, अन् पुढल्या गावच्या शिवेवर नेऊन सोडायचं. ते गाव तिला आनखी पुढं न्यायचं."

"आता न्हाई काढत?" धर्मसिंगनं विचारलं.

"आता कोन काढतंय!" कोंडीबानं हात टेकून उठता उठता मोटारीच्या पत्र्यावर तळवा ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. "पर तिला तर जावंच लागतंय न, बाबा."

दोन दिवसांनी साथ उतरली. सिस्टरनं सामान आवरलं. पुढचा मुक्काम धर्मसिंगच्याच तांड्यावर होता, बाळापूरच्या पलीकडं. त्याची बायको जिवनबाई आणि नुकतीच चालायला लागलेली पोरगी तिथंच राहायची. सिस्टर पुढं त्याच्या शेजारी बसल्या. मागं कुणी नव्हतं. त्यानं स्वतः आत वाकून पाहिलं, फळ्यांखालीसुद्धा, आणि मग दाराला कडी घातली.

खापरखेडीची शेवटची झोपडी मागं पडली आणि लाल दिवा पेटला.

विझला.

धर्मसिंगनं अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. बाळापूरच्या बाजारातून त्यानं भोंग्यावर हात ठेवूनच गाडी काढली. माणसं शिव्या देत बाजूला झाली. कुठंच त्यानं वेग कमी होऊ दिला नाही.

तांडा दिसला. रस्त्याकडेच्या लिंबाखाली जिवनबाई उभी होती. पोरगी कडेवर. मोटार ओळखून तिनं पोरीचा हात धरून हलवला.

धर्मसिंगनं पाय आणखी दाबला.

"धर्मसिंगभाऊ! तांडा गेला की!"

"माहीत हाय."

"अहो, तुमची लेक उभी होती. थांबला काहून न्हाई?"

मग त्यानं सांगितलं. धानोरवाडी, खापरखेडी, खिशातली वायर. ती काढून त्यानं त्यांच्या हातात दिली. सिस्टरनं ती उलटसुलट करून पाहिली.

"भाऊ, रोग पाण्यातनं जातो," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "मोटारीत बसत न्हाई. बाबासाहेबांनी आमाला हे असलं सोडायला शिकवलं. अन् मी तर शिकलेली हाय."

"बराबर हाय तुमचं."

"मंग?"

"मंग दिवा काहून लागला?"

सिस्टरनं वायर गुंडाळून मांडीवर ठेवली. फाट्यावर मोठा वळसा घेऊन तो त्याच रस्त्यानं परत फिरला. पुन्हा तांडा आला. जिवनबाई अजून तिथंच होती, पण या वेळी तिनं हात केला नाही. नदीकाठच्या उजाड माळावर त्यानं गाडी उभी केली. आसपास घर नव्हतं, गुरं नव्हती. इंजिन चालू ठेवून दोघं दिव्याकडं बघत बसले.

दिवा लागला नाही.

"कोनी न्हाई न इथं," धर्मसिंग हळूच म्हणाला. "कशाला उतरंल?"

ते हिंगोलीला पोचले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. दवाखान्याच्या आवारात गाडी थांबली, पण धर्मसिंगनं स्टेअरिंग सोडलं नाही. इथंही माणसंच होती. खाटांवर, ओसरीवर, क्वार्टरमध्ये.

सिस्टरनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग त्या खाली उतरल्या आणि मागं गेल्या.

"सिस्टर, नका!"

कडी वाजली. वायर नसलेला दिवा लालभडक पेटला.

"उतरा बाई," मागून सिस्टरचा आवाज आला. लेकराची भीती घालवायला बोलावं तसा, थोडा हसरा. "आपला दवाखाना आला. इथं औषध हाय, डागदर हाय. आता कुठं फिरायचं न्हाई."

धर्मसिंगनं बाजूच्या आरशात पाहिलं. सिस्टर दार धरून उभ्या होत्या. मग त्या एक पाऊल बाजूला सरकल्या, वाट द्यावी तशा.

दार लागलं. दिवा विझला.

"झालं, भाऊ," त्या खिडकीशी येऊन म्हणाल्या. "जावा आता घरी. लेकीला घ्या जरा."

त्या रात्री तो एस.टी.नं तांड्यावर गेला. पोरगी त्याच्या छातीवर झोपली. तिच्या अंगात ताप नव्हता, ती सुखरूप होती. कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली. सकाळी परतला तेव्हा मोटार जिथल्या तिथं उभी होती. चावी फिरवून पाहिली, तर तिसरा दिवा मेलेला. काही केल्या लागेना. धर्मसिंगला हसू आलं. हे सांगायला म्हणून तो सिस्टरच्या क्वार्टरकडं गेला.

त्यांची आई भागूबाई नळावरून घागर घेऊन येत होती. ओट्यावरच्या रांजणाचं झाकण बाजूला पडलं होतं. रांजण तळापर्यंत कोरडा होता.

"सिस्टर उठल्या का, मावशी?"

"न्हाई रे बाबा. पडल्यात दोघी."

"दोघी?"

"काल तिच्यामागं आली न, ती पावनी. तोंडावरचा पदर काई सारला न्हाई बाईनं." भागूबाईनं घागर रांजणात रिती केली आणि कमरेवर हात ठेवून दम घेतला. "पर काय तहान म्हनावी! अख्खा रांजण सरवला. अन् पहाटपासून आमची पोरगीबी पाणीच मागून राहिली."

आतून सिस्टरचा आवाज आला, कोरडा, दुरून आल्यासारखा.

"आई, पाणी."

आणि लगेच, त्याच आवाजात पुन्हा,

"मलाबी."