आतली कडी

राजरत्न गमरे जुन्या इमारतींची दारं-खिडक्या विकत घ्यायचा. माझगावात डॉकयार्डच्या भिंतीला लागून त्याचा गाळा होता. लालबाग-परळकडची एखादी चाळ पाडायला निघाली की तो ठेकेदाराला गाठायचा आणि सागाच्या चौकटी, जिन्याचे कठडे, बिडाच्या जाळ्या टेम्पोत घालून घेऊन यायचा. मग रंग खरवडायचा, कुजलेला भाग कापून तिथं जुनंच लाकूड बसवायचं, लाखेचं पॉलिश मारायचं. यात आठवडेच्या आठवडे जात. रंगाच्या पाच-पाच थरांखालून बर्मा सागाचा वास पहिल्यांदा बाहेर यायचा, तेव्हा तो हातातलं काम थांबवून दोन श्वास घ्यायचा.

वय बावन्न. वाढला तो नायगावला, बावीस प्रतिज्ञा पाढ्यांसारख्या पाठ असलेल्या घरात. भुताखेतांचं तिथं काही चालत नसे. कुठल्याही गोष्टीबद्दल मत देण्याआधी तो खिशातला टेप काढायचा, आणि जे मोजता येत नाही त्यावर सहसा बोलायचा नाही.

लालबागची ती चाळ तीन मजली होती. सगळी बिऱ्हाडं निघून गेली होती, फक्त दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत एक म्हातारी ट्रंकेवर बसलेली. गंगुबाई घाडी. तिची मुलगी सीमा चाळिशी ओलांडलेली, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच, पिशव्या बांधत होती. त्यांना शीवच्या संक्रमण शिबिरात जायचं होतं. राजरत्नची माणसं दार चौकटीसकट सोडवायला लागली तशी म्हातारी उठली.

"ह्या खंय नेतास?"

"माझगावला, मावशी. माझ्या गाळ्यात."

"पत्तो दी. लिहून दी. तो येतलो तेवा दार खंय सोदतलो?"

सीमाने राजरत्नला गॅलरीत बाजूला घेतलं. "दादा, मनावर घेऊ नका. माझा मोठा भाऊ होता, धनेश. त्र्याऐंशी साली विसर्जनाच्या गर्दीत बाबांच्या हातून सुटला. सात वर्षांचा होता. परत मिळाला नाही." ती खाली रिकाम्या चौकाकडे बघत होती. "तेव्हापासून या दाराला आईने कडी लावलेली नाही. एकेचाळीस वर्षं. चोऱ्या झाल्या, दंगली झाल्या, दार नुसतं लोटलेलं. मी वयात आले तरी."

आत गंगुबाई चौकटीच्या डाव्या खांबावरून बोटं फिरवत होती. रंगाखाली आडव्या खाचा होत्या. गिरणीत जॉबर असलेला तिचा नवरा, जयवंत, दर वर्षी पोराच्या वाढदिवसाला त्याला इथं उभं करायचा आणि सुरीने खूण करून बाजूला साल कोरायचा. सगळ्यात वरची खूण मे त्र्याऐंशीची. राजरत्नने सवयीने टेप लावला. तीन फूट दहा इंच.

त्याने बिलाच्या मागे गाळ्याचा पत्ता लिहून दिला. तुम्हाला विचारल्याशिवाय विकणार नाही, असंही तो बोलून बसला. धंद्यात असलं काही तो कधी बोलला नव्हता.

चौकटीचं काम त्याने दिवाळीनंतर घेतलं. वरून तपकिरी, मग पिवळट, मग पुन्हा तपकिरी असे थर निघत गेले. सगळ्यात खाली हिरवा ऑइलपेंट होता, काचेसारखा गुळगुळीत आणि कुठे तडा नाही. जयवंतच्या सहा खाचा त्याच्या खालून उमटून दिसत होत्या. राजरत्न हीट गन फिरवत वर सरकला. हिरवा रंग पापुद्र्यासारखा सुटून आला आणि सहाव्या खाचेच्या वर सातवी दिसली. बाजूला कोरलेलं होतं: ८४.

तो थांबला. टेप लावला. चार फूट एक.

आणखी वर ८५ निघालं. मग ८६. प्रत्येक खूण आधीच्या खुणेपेक्षा दोन-अडीच इंच वर, वाढत्या पोराची असावी तशी. ८९ ते ९० मध्ये एकदम चार इंचांची उडी होती, त्यानंतर खुणा जवळजवळ येत गेल्या. शेवटची ९४ सालची, पाच फूट सात. त्यावर काही नव्हतं, नुसतं लाकूड.

त्याला बापाची कीव आली. गेलेल्या पोराला मनातल्या मनात वाढवत, अंदाजाने रेघा मारत बसला असणार बिचारा. त्याने सीमाला फोन लावला.

"हिरवा रंग?" ती म्हणाली. "तो बाबांनीच मारला, धनेश हरवला त्याच वर्षीच्या दिवाळीत. त्या खुणा त्यांना बघवेनात म्हणून. त्यानंतर त्या खांबाला त्यांनी हात नाही लावला." मग म्हणाली, "आणि बाबा एक्याण्णवला गेले, दादा."

राजरत्न हातातल्या हिरव्या पापुद्र्याकडे बघत राहिला. तो सबंध होता. त्याला वरून सुरी लागलेली नव्हती.

त्याच आठवड्यात मेघना नावाची एक इंटिरियर डिझायनर गाळ्यावर येऊन गेली. खोताच्या वाडीजवळच्या एका कॅफेसाठी तिला दार हवं होतं. खुणा बघून ती खूष झाली. "या ठेवा हं तशाच. लोकांना फार आवडतं असलं काही." राजरत्न म्हणाला, हे विकायचं नाही.

रविवारी दुपारी सीमा आईला टॅक्सीने घेऊन आली. गाळ्यात छपराच्या काचेतून ऊन पडलं होतं आणि गंगुबाई त्या उन्हात, भिंतीला टेकवलेल्या चौकटीच्या खांबापुढे उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण बोटांनी ती एकेक खूण चढत गेली. सहाव्या खुणेनंतर तिचा हात थबकला आणि मग हळूहळू वर गेला. शेवटच्या खुणेशी पोचायला तिला टाचा उचलाव्या लागल्या.

"तो बापाशीपेक्षा उंच झालो," ती म्हणाली.

रडली नाही. जमिनीवर ठेवलेल्या दाराच्या फळ्यांकडे वळून राजरत्नला म्हणाली, "दार असा आडवा कित्याक ठेवलंस? उभा कर. उघडा कर."

सीमा नको नको म्हणत होती. पण राजरत्नने चौकट गाळ्याच्या मधोमध उभी केली, दोन्ही बाजूंनी टेकू दिले, बिजागऱ्या बसवून फळ्या अडकवल्या. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला चुन्याची पोती. भिंती नसलेलं ते दार बघायला विचित्र वाटत होतं.

गंगुबाईने रस्त्याच्या बाजूने दार ढकललं. चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, आत पाऊल टाकलं आणि पोत्यांकडे तोंड करून क्षणभर उभी राहिली. मग वळून तिने दार लावून घेतलं. आतली कडी सरकल्याचा आवाज दोघांनी ऐकला.

सीमाचा हात तोंडाशी गेला.

थोड्या वेळाने म्हातारी चौकटीला वळसा घालून बाहेर आली, चपला पायात सरकवल्या आणि खुर्चीत बसली. चेहरा असा, जणू दुपारची छान झोप काढून उठलीय.

"चल गो, चायची वेळ झाली."

"मावशी," राजरत्नने विचारलं, "धनेशच्या खुणा ठेवू ना तशाच?"

तिने खांबाकडे बघितलं. "कोणाच्या?"

"धनेशच्या."

"असतली कोणा पोराची," ती म्हणाली आणि सीमाला हाताला धरून उठली.

पंधरा दिवसांनी सीमाचा फोन आला. आई आता रात्रभर झोपते. पहिल्यांदा वजन वाढलंय. जेवताना एक ताट जास्त वाढून ठेवायची ते बंद झालं. शेजारणीला सांगत होती, मला एकच मुलगी. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं असं. "चांगलंच झालं ना, दादा?" सीमा म्हणाली. राजरत्न काही बोलायच्या आत तिला हुंदका फुटला. "आता तो फक्त मलाच आठवतो. आणि मी तर चार वर्षांची होते. मला त्याचा चेहरासुद्धा नाही आठवत."

दार गाळ्यात तसंच उभं होतं. कडी काढायला राजरत्नचा हात धजला नव्हता. का ते त्याने स्वतःला विचारलं नाही.

एका मंगळवारी, साडेतीनच्या सुमाराला, तो पोत्यांशेजारी बसून एका कठड्याला कानस मारत होता. ठक, ठक असा आवाज आला. भिंतीपलीकडे कुणी काम करत असेल असं त्याला वाटलं. आवाज पुन्हा आला. दाराच्या फळीवरून लाकडाचा भुसा खाली सांडला.

तो वळसा घालून रस्त्याच्या बाजूला गेला. तिथं कुणी नव्हतं. ऊन, आणि उन्हात तरंगणारी धूळ.

परत आत आला. फळीवर तळहात ठेवला. थाप बरोबर हाताखाली लागली. त्याने टेप लावला. उंबऱ्यापासून तीन फूट.

त्याने सीमाला फोन केला. काय होतंय ते सांगितलं आणि फोन दाराजवळ धरला.

"आई?" पलीकडे तिने विचारलेलं त्याला ऐकू आलं. "धनेश आला तर गं?"

"कोण धनेश?" म्हातारीचा आवाज, कामात गुंतलेला. "ते वाल सोल आधी."

सीमा पुन्हा फोनवर आली. "उघडू नका, दादा."

"अगं, पण..."

"आईला हाक मारेल तो. आणि आई विचारेल, हा कोण. मी काय सांगू त्याला? उघडू नका."

फोन बंद झाला.

राजरत्नने एक हात कडीवर ठेवला, दुसरा फळीवर.

थाप पोटापाशी लागली. मग छातीपाशी.

मग खांद्यापाशी, जोराने. कडी हादरली.

मग त्याच्या डोळ्यांसमोर, भरदार हाताची, अधीर. एकदा. दोनदा. मग मूठ आपटल्यासारखी.

मग काहीच नाही.

छपरातलं ऊन सरकून पोत्यांवर गेलं. डॉकयार्डचा भोंगा झाला. राजरत्नने कडी काढली नाही, हातही काढला नाही.

थाप पुन्हा आली, छातीपाशी. दुसरी यायला फार वेळ लागला.

तो तळहात खाली सरकवत गेला. आता ती कमरेपाशी लागत होती, पण पोराची नव्हती, वाकलेल्या म्हाताऱ्याची होती. दोन थापांच्या मध्ये कुणीतरी दाराला टेकून दम घेत होतं.